भरल्या गाडीची रेघ

रेघ मिस्त्रीने मारली होती. पांढऱ्या ऑइलपेंटची, आगकाडीच्या टोकाने, माझ्या गाडीच्या शॉकअपच्या आट्यांवर. रिंग या रेघेच्या खाली नेऊ नका, असं त्याने मला माझ्या बायकोसमोर आणि आईसमोर सांगितलं होतं. पुढे सगळं महाड म्हणत राहिलं की मिस्त्रीने सेटिंग चुकवलं. ते वाक्य पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. एवढं कागदावर आणायला मला इतकी वर्षं लागली, याचा मला संताप येतो. आणि संताप आला की मी घरातल्या माणसांवर ओरडतो, हेही खरंच.

दोन हजार सालानंतरच्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. मी महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होतो. बायको पोलादपूरच्या एका शाळेत शिकवायची. मुंबईहून मी एक जुनी स्पोर्ट्स कार विकत आणली. परदेशी, दोन दारांची, गडद निळी, मागे नावापुरती सीट. शौकाची एक आणि कामाची एक अशा दोन गाड्या ठेवण्याइतके आम्ही मोठे नव्हतो. तीच गाडी कारखान्यात, तीच बायकोला शाळेत सोडायला, तीच आईला दवाखान्यात न्यायला, तीच वीर स्टेशनवर पाहुणे आणायला. वीरचे रिक्षावाले तिच्याभोवती गोळा व्हायचे आणि मी उगाच बॉनेटला टेकून उभा राहायचो.

तेव्हाच्या मुंबई–गोवा हायवेवर एका खड्ड्यात तिची मागची स्प्रिंग तुटली. बाकीच्या तीनही दमलेल्याच होत्या. बदलायच्या तर होत्याच, मग गाडी खाली का बसवू नये, असं माझ्या डोक्यात आलं. मासिकांतल्या गाड्या कशा रस्त्याला चिकटून असतात. माझी आपली टाचा वर करून उभी.

मिस्त्री माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावरच्या एका वाडीतला. घरी म्हशी आणि नाचणीची शेती. तरुणपणी मुंबईला जाऊन पंधरा वर्षं परदेशी गाड्यांच्या गॅरेजात काढली आणि परत येऊन महाडात स्वतःचं गॅरेज टाकलं. कारखान्यातल्या बहुतेक अधिकाऱ्यांच्या गाड्या त्याच्याकडेच. मी त्याला खाली बसवायचं म्हणालो तेव्हा तो गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि माझ्यापुढे उकिडवा बसला.

"तीन रस्ते हायत, साहेब. पयला फुकटचा. हायत त्या स्प्रिंगा कटरनं कापायच्या, दीड वेटोळं उडवायचं. कोनपन करून देल. मी नाय देनार."

"का?"

"गाडी उचलली की कापलेली स्प्रिंग आपल्या घरातून सुटते. खाली आली की परत घरात बसलच असं नाय. कशेडी घाटात सुटली तर मला शिव्या घालायला तुम्ही उरनार नाय."

दुसरा रस्ता म्हणजे आखूड आणि कडक अशा तयार स्प्रिंगा घ्यायच्या आणि शॉकअप जुनेच ठेवायचे. दिसायला छान, पण शॉकअपला हलायला जागा कमी राहते. आमच्या हायवेवर ते एका पावसाळ्यात तेल सोडतील, असं त्याचं म्हणणं. तिसरा रस्ता आट्यांचा सेट. शॉकअपच्या अंगालाच आटे पाडलेले असतात, त्यावर स्प्रिंगला खालून आधार देणारी रिंग फिरते. रिंग खाली फिरवली की गाडी खाली, वर फिरवली की वर. महाग, आणि मुंबईहून मागवावा लागणार.

मी हा तिसरा निवडला. निवड बरोबर होती. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर लोक म्हणाले की असली परदेशी थेरं कोकणात चालतच नाहीत. चालली असती.

सेट आला, बसवून झाला, आणि मी किल्ली मागितली तर मिस्त्री म्हणाला, "आता घरची मानसं आना."

"कशाला?"

"मोकळ्या गाडीचं माप मी घेत नाय. गाडीत जो जो बसतो तो सगळा बसवायचा. मागं जे सामान घालता तेपन घालायचं. मग मी खाली जानार."

त्याची ही पद्धत सगळ्यांना माहीत होती आणि सगळे तिला हसायचे. मुंबईच्या गॅरेजात माप टेपने घेत असतील, हा इथे वरात बसवतो, असं आमच्या कारखान्यात म्हणायचे. मीही म्हणायचो. पण रविवारी सकाळी मी बायकोला, आईला आणि डिकीत तांदळाचं अर्धं पोतं घेऊन गेलो. बायको लाजून मागच्या सीटवर आखडून बसली. आई पुढे बसली, डाव्या बाजूला, पर्स मांडीवर घेऊन, जशी काही एसटीच सुटणार आहे.

मिस्त्री गाडीखाली सरपटला. आई खिडकीतून वाकून म्हणाली, "अरे बाबा, माझं वजन मोजतोयस की गाडीचं?"

"दोघींचं, आई. तुमी हलू नका फक्त."

"आता या वयात हालचाल बंद करायला सांगतोस होय!"

"श्वास घ्या, आई. श्वासाचं धरलंय मी मापात."

आई इतकी हसली की गाडी खरंच हलली आणि मिस्त्री खालून ओरडला. मग त्याने मला स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवायला लावलं. प्रत्येक वेळी टायर आणि मडगार्डच्या कडेमध्ये बोटं घालून बघितली. तीन बोटं. बाहेर आला, चाकं काढली, काडीने आट्यांवर रेघा मारल्या.

"ही भरल्या गाडीची रेघ. तुमी एकटे असताना गाडी वाटल थोडी वर. वाटू दे. पन याच्या खाली गेलात आनि चार मानसं बसली, वळनावर खड्डा आला, तर टायर पत्र्याला लागल. एकदा लागून काय होत नाय. दहा वेळा लागला की कापतो."

सेटबरोबर आलेला आकड्यासारखा पाना त्याने मला दिला. "तुमची वस्तू हाय म्हनून देतो. हात लावू नका."

दोन महिने गाडी अशी चालली की मला कारखान्यातून घरी यायचा कंटाळा येईनासा झाला. वळणावर अंग टाकत नव्हती, खड्ड्यात आदळत नव्हती. आई म्हणाली, आता बसावंसं वाटतं गाडीत.

मग माझा मेहुणा मुंबईहून आला. मी त्याला कौतुकाने गाडी दाखवली. त्याने वाकून टायर आणि पत्र्याच्या मधल्या फटीत बोटं घातली, मग अख्खी मूठ घालता येते का ते बघितलं.

"भाऊजी, एवढा खर्च करून हे? हिला खाली बसवलीय की हिच्याखाली कोंबड्या झाकायच्यात?"

बायको हसली. मीही हसलो. त्याला मी दोष देत नाही, तो असाच आहे, दुसऱ्या दिवशी त्याला काय बोललो ते आठवलंही नसेल. पण मी ते वाक्य आठवडाभर चघळलं. मेहुण्याने आमच्या दारात येऊन माझ्या गाडीखाली कोंबड्या घातल्या म्हणून पस्तीस वर्षांचा शिकलेला माणूस शनिवारी दुपारी अंगणात गाडीखाली झोपला. पुढची दोन चाकं काढली. आधाराच्या रिंगला घट्ट धरून ठेवणारी कुलपाची रिंग सैल केली, आधाराची रिंग खाली फिरवली. रेघ वर राहिली. दोन बोटं वर. मी तिच्याकडे बघितलं आणि चाकं लावली. उठलो तर आई मोरीपाशी उभी. माझे हात काळे झालेले. तिने काही न विचारता साबणाची वडी आणि थोडं रॉकेल पुढे केलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही महाबळेश्वरला गेलो. आंबेनळी घाटाने. आई पुढे, बायको मागे, शिवाय बायकोची मावशी, आणि डिकीत त्यांच्या पिशव्या. जाताना तीन-चार वळणांवर खालून खर्र आवाज आला. मी गाणी मोठी केली. येताना, उतारावर, आई म्हणाली, "काहीतरी जळतंय रे."

"ट्रकचे ब्रेक तापलेत पुढच्या. वास तोच."

पुढे ट्रक नव्हता.

पोलादपूर सात-आठ किलोमीटर राहिलं असताना एका उजव्या वळणावर पुढचा डावा टायर फुटला. गाडी डावीकडे ओढली गेली. डावीकडे डोंगर होता म्हणून आम्ही आहोत. पुढचा भाग गटारात जाऊन दगडावर बसला. मला खरचटलंही नाही. मागच्या दोघींना मुका मार लागला. आईचं खुब्याचं हाड मोडलं. ती ओरडली नाही. ती म्हणाली, "पर्स बघ रे माझी."

महाडच्या दवाखान्यात संध्याकाळपर्यंत सगळे जमले. नातेवाईक, शेजारी, कारखान्यातले चौघे-पाचजण. आईला आत नेलं होतं. कुणीतरी विचारलं, गाडीला नुकतंच काम केलं होतं ना? काय झालं नक्की?

मी म्हणालो, "मिस्त्रीने सेटिंग चुकवलं."

विचार करून बोललो नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे. विचार करायला एक क्षण पुरतो आणि तो क्षण मला मिळाला होता. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरांत माझ्याबद्दल दया होती, आणि ती मला हवी होती.

माझा चुलतभाऊ तिथे होता. चांगला माणूस आहे, कुणाच्याही मयताला पहिला हजर. तो दुसऱ्या दिवशी मला घेऊन गॅरेजवर गेला. टोचन करणाऱ्या जीपवाल्याने गाडी आपणहून तिथेच आणून टाकली होती, महाडात ती गाडी कुणाकडची ते सगळ्यांना ठाऊक. मिस्त्रीने पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. फुटलेला टायर पत्र्याकडच्या अंगाने चिंध्या झालेला. आणि चाकाच्या जागी उघडा शॉकअप, आटे, रिंग, आणि रिंगच्या दोन बोटं वर पांढरी रेघ. जो कुणी गुडघ्यांवर बसला असता त्याला दिसली असती. मी उभ्या उभ्याच बघितली.

चुलतभाऊ बसला नाही. त्याने मिस्त्रीची कॉलर धरली.

"आमच्या काकूला लंगडी केलीस तू! नाटकं करतोस, माणसं बसवून मापं घेतोस, आणि टायर घासतो कसा रे?"

शेजारच्या टायरवाल्याकडची माणसं गोळा झाली. कारखान्यातला एकजण स्कूटर थांबवून उभा राहिला. मिस्त्रीने कॉलर सोडवून घेतली नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, तुमी सांगा."

एवढंच. माझ्या हातात त्याने सगळं दिलं होतं. मी बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं, तोंड उघडायचीही गरज नव्हती.

मी चुलतभावाला म्हणालो, "जाऊ दे. आता बोलून काय उपयोग." आणि लोकांना वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस. आई दवाखान्यात आहे आणि हा त्याला सोडून देतो. स्कूटरवाल्याने हे कारखान्यात जाऊन सांगितलं. दोन दिवसांनी मला कॅन्टीनमध्ये साहेबांनी खांद्यावर थोपटलं. तो थोपटलेला खांदा मला अजून कापून टाकावासा वाटतो.

कारखान्यातल्या गाड्या त्याच्याकडे जायच्या बंद झाल्या. कुणी ठरवून नाही, एक-एक करून. त्याला 'झोपवणारा मिस्त्री' म्हणायला लागले. तो गाड्या झोपवतो, म्हाताऱ्या झोपवतो. पुढच्या दिवाळीपर्यंत त्याने महाडचं गॅरेज बंद केलं आणि पोलादपूरला स्टँडच्या पुढे पत्र्याच्या शेडमध्ये गेला. तिथे सहा आसनी रिक्षा, मालाचे टेम्पो, पंक्चर. परदेशी गाडीला त्याने पुन्हा हात लावल्याचं मला माहीत नाही. बायको रोज शाळेत जाताना त्या शेडवरून जायची. ती मला म्हणायची, "बिचाऱ्याला माफ केलंत तुम्ही, पण त्याचं बघा काय झालं." मी हं म्हणायचो.

गाडी मी मुंबईला पाठवून दिली, तिथल्या तिथे विकली. आई चालायला लागली, पण वॉकर घेऊन. जमिनीवर बसणं संपलं. तिला मांडी घालून तांदूळ निवडायला आवडायचं.

पाच वर्षांनी, ती तेव्हा बहुतेक वेळ खाटेवरच असायची, मी तिच्या पायाला तेल लावत होतो. ती एकदम म्हणाली, "ती रेघ कुठे होती रे?"

"कुठली रेघ?"

"मिस्त्रीनं मारलेली. मी बसले होते ना तेव्हा गाडीत. तू शनिवारी खाली शिरला होतास. साबण मीच दिला तुला."

मी तेल लावत राहिलो.

"आई, मग तू बोलली का नाहीस कुणाला?"

"तू माझा मुलगा आहेस. मी काय बोलू?"

मी तिच्यावर ओरडलो. मोडलेल्या पायाच्या आईवर ओरडलो की पाच वर्षं तोंडात काय घालून बसली होतीस. माझ्यासाठी एका माणसाचं घर बसलं आणि ती ते पोटात ठेवून माझ्या हातचा चहा पीत राहिली. ती म्हणाली, "तूही पीत होतास की." मग तोंड भिंतीकडे केलं.

त्याच आठवड्यात मी पोलादपूरला गेलो. मिस्त्री एका रिक्षाचं चाक घेऊन बसला होता. केस पांढरे झालेले. मला बघून उठला नाही. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. शनिवार, पाना, रिंग. सांगताना माझा आवाज फुटला, आणि तो फुटला याचं मला त्याही वेळी थोडं बरं वाटलं, इतका मी नालायक.

त्याने चाक खाली ठेवलं.

"मला काय सांगता? मी त्याच दिवशी सकाळी बघितलं. तुमी यायच्या आधी."

"मग दाखवलं का नाही तुम्ही सगळ्यांना?"

"मी दाखवनार आनि तुमी बोलनार की मिस्त्रीनंच रिंग फिरवली रात्रीत, अंगावर येतंय म्हनून. लोकं कोनाचं ऐकतील? म्हनून तुम्हाला बोललो, तुमी सांगा." तो हात पुसत होता, पण नुसता फडका चुरगळत होता. "तुमची आई तिकडं पडलेली. मी तुमच्याशी भांडायला येनार होतो काय तेव्हा?"

मी माफी मागितली. त्याने पहिल्यांदा आवाज चढवला.

"माफी हितं नको. हितं माझ्या कानात काय सांगता? मला ठावं हाय. जितं बोललात तितं जाऊन बोला!"

गेलो. कारखान्याजवळच्या हॉटेलात, जिथे आमची माणसं पहिल्या पाळीनंतर चहाला बसतात. त्या दिवशीचा स्कूटरवालाही होता, आता मोठा साहेब झालेला. चुलतभावाला मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मी उभा राहिलो आणि सांगितलं. रिंग मी फिरवली. मिस्त्रीचं काम बरोबर होतं. मी खोटं बोललो.

 मग स्कूटरवाला म्हणाला, "अरे, कुठलं काढलंस? कोणाला आठवतंय आता ते?"

"मला आठवतंय."

"बस खाली. चहा घे. आई आजारी असली की असं होतं माणसाला."

आणि दुसरा म्हणाला, "तसाही तो नाटक्याच होता हो. वरात बसवून मापं घ्यायचा." सगळे हसले. माझा चुलतभाऊ हसला नाही, तो लाल झाला होता. "मी तुझ्यासाठी गेलो होतो," तो म्हणाला, "आता मला तोंडघशी पाडतोस?" आणि उठून गेला. त्यानंतर वर्षभर तो आमच्याकडे आला नाही.

मी टेबलावर हात आपटला. कप सांडले. मी ओरडलो की ऐका, नीट ऐका, मी काय सांगतोय ते. हॉटेलवाला फडका घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, घरी जा." मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी परत पोलादपूर. मिस्त्रीला म्हणालो, सांगून आलो.

"मंग? काय बोलले?"

"म्हणाले, कोणाला आठवत नाही."

तो हसला. ते हसणं मी विसरायचा प्रयत्न करत नाही. "आठवत नाय? मंग गाड्या का नाय येत माझ्याकडं?"

 एक रिक्षावाला येऊन उभा राहिला. मिस्त्री त्याला म्हणाला, "रिकामी आनलीस? रोजची पाशिंजरं कुठं हायत? जा, चार जनं घेऊन ये, मंग बघतो." रिक्षावाला शिव्या देत स्टँडकडे माणसं आणायला गेला. मी तिथेच उभा होतो. मिस्त्रीने मला बसायला सांगितलं नाही आणि जायलाही सांगितलं नाही. चार माणसं आली, रिक्षात बसली, तरी मागे जागा उरली. मिस्त्रीने माझ्याकडे हनुवटी केली. "बसा. वजन पायजे."

मी बसलो. तो खाली गेला.

त्याचं घर त्यातून उभं राहिलं नाही, मी काही तसं सांगत नाही. आई त्या पुढच्या वर्षी गेली. तो अजून त्याच शेडमध्ये आहे. हॉटेलात मी जे बोललो ते लोकांनी आजारी माणसाची बडबड म्हणून सोडून दिलं, म्हणून आता लिहून ठेवतो, कुणाला फडका घेऊन पुसता येणार नाही असं. पुढच्या दोन्ही चाकांच्या रिंगा. प्रत्येकी दहा फेरे, खाली. दिवस शनिवार, वेळ दुपार, जागा आमचं अंगण. रेघ जागेवर होती. हात माझे होते.